गवताच्या एका चौकोनाचं प्रकरण

प्रकरण एका हिरव्या चौकोनाचं आहे. सोळा पिक्सेल लांब, सोळा पिक्सेल रुंद, मधे तीन-चार गडद रेघा. नागपुरात आम्ही चौघं मिळून जुन्या धर्तीचा एक संगणकीय रोल-प्लेइंग गेम करतोय, त्यातली ही गवताची टाइल, म्हणजे नकाशा ज्या चौकोनी तुकड्यांनी भरतात त्यातला एक तुकडा. हिच्यापायी काम अडलं, नकाशा नव्याने काढावा लागला, आणि होता होता खेळाच्या गाभ्यातली एक गोष्टच बदलली. असे खेळ करणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

चौघं म्हणजे कोड लिहिणारा मी, चित्रं काढणारी एक मैत्रीण, भूशास्त्रात एम.एस्सी. करणारा भंडाऱ्याचा एक पोरगा, आणि शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर. रविवारची बैठक सरांच्या धरमपेठेतल्या घरी असते. सरांना खेळात जिंकण्या-हरण्याशी काही देणंघेणं नाही. पडद्यावर एखादा प्राणी चुकीच्या काळात उभा दिसला की मात्र त्यांचा चहा गार होतो.

आधी आमचा नमुना कोणता ते सांगतो, कारण गवताचा घोळ तिथूनच सुरू होतो. १९९० साली अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या ओरिजिन सिस्टिम्सने ‘वर्ल्ड्स ऑफ अल्टिमा: द सॅव्हेज एम्पायर’ हा खेळ डॉस या तेव्हाच्या संगणक-प्रणालीसाठी काढला. त्याच वर्षी त्यांचा ‘अल्टिमा ६’ आला होता. त्याचंच इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्रॅम, घेऊन, मध्ययुगी किल्ले आणि सरदार बाजूला ठेवून, त्यांनी खेळाडूला इओडन नावाच्या खोऱ्यात नेऊन सोडलं. खोऱ्यात डायनोसॉर आहेत, एकमेकांशी न पटणाऱ्या टोळ्या आहेत, आणि सगळ्यांच्या मुळावर उठलेले मिर्मिडेक्स नावाचे मुंग्यांसारखे महाकाय कीटक आहेत. खेळाडूने टोळीटोळीच्या प्रमुखाकडे जायचं, तो सांगेल ते काम करून द्यायचं, त्याला आपल्या बाजूने वळवायचं, आणि शेवटी सगळ्यांना घेऊन कीटकांच्या राणीवर चालून जायचं. खेळासोबतची माहितीपुस्तिका त्यांनी जुन्या स्वस्त साहसकथांच्या मासिकासारखी छापली होती, आणि अख्ख्या खेळाचा सूरही तोच आहे. आज तो गॉग या खेळांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालतो.

हा खेळ आम्हाला दोन कारणांनी आवडला. एक, यात वस्तू खरोखरच्या वस्तूंसारख्या वागतात. कोळसा, गंधक आणि सोरा गोळा करून एकत्र कुटलं की बंदुकीची दारू होते. मातीचं मडकं भाजता येतं. चिंधी डांबरात बुडवली की वात होते. तिन्ही जमलं की हातबॉम्ब. ‘अमुक वस्तू तयार झाली’ अशी पाटी नाही, कृतीची यादी नाही. कुणीतरी बोलता बोलता सांगितलेलं लक्षात ठेवायचं आणि आपल्या हाताने जमवायचं. दुसरं, जादूसुद्धा झाडपाल्यातूनच येते. तीन आत्मे आणि तीन वनस्पती, चॉकलॅटल, पिंडे आणि योपो. जंगलात नजर खाली ठेवून हिंडणाऱ्याला हा खेळ पावतो.

इओडनमध्ये माणसं आणि डायनोसॉर एकत्र कसे, याचं उत्तर खेळाकडे तयार आहे. चंद्रशिळेच्या ताकदीने वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या देशांतली माणसं या खोऱ्यात येऊन पडली आहेत. हरवलेल्या जगाच्या गोष्टींची ही जुनीच सोय. याच सोयीने स्टेगोसॉरस आणि टायरॅनोसॉरसही एका पाणवठ्यावर येतात. खरं पाहता त्या दोघांमध्ये जवळपास आठ कोटी वर्षांचं अंतर आहे, म्हणजे टायरॅनोसॉरस आणि आपण यांच्यात आहे त्याहून जास्त.

सरांना ही सोय मान्य नव्हती. त्यांची अट पहिल्याच बैठकीत आली: माणसं हवी तर कुठूनही आणा, दगडातून काढा नाहीतर आभाळातून पाडा, पण जमीन, झाडं आणि प्राणी एकाच जागचे आणि एकाच काळातले पाहिजेत. आणि जागा आपलीच घ्या.

जागा शोधायला लांब जावं लागलंच नाही. नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याला शंभरेक किलोमीटरवर वरोरा आहे, आणि त्या भागात पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावं आहेत. भूशास्त्रवाल्यांना ही नावं जगभर माहीत असतात. नागपुरात दहा जणांना विचारलं तर नऊ जण वरोरा म्हणजे आनंदवन एवढंच सांगतील. डोंगरगावला लांब मानेच्या, पानं खाणाऱ्या एका डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याचं वर्णन केलं, आणि २००३ साली त्याला आयसिसॉरस हे नाव मिळालं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ते ठेवलं आहे. पिसदुऱ्याच्या नावाने एक कासवही आहे, त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिसदुरेन्सिस’ येतं. हे थर लमेटा नावाने ओळखले जातात. ते दख्खनच्या लाव्हाच्या थरांखाली आहेत, म्हणजे साधारण सहा कोटी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचे. नंद–डोंगरगाव खोरं असंच त्या भागाला म्हणतात, आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात पूर्वी असलेले धनंजय मोहबे यांनी त्यावर बरंच काम केलं आहे. खोरं आयतं मिळालं, नावासकट.

मग टाइल काढायला बसलो. खेळ आम्ही गोडो या इंजिनात करतोय, नकाशा टाइल्ड नावाच्या फुकट संपादकात मांडतो, म्हणजे बंधन तसं कुठलंच नाही. पण जुन्या खेळाचा ठसा यायला हवा म्हणून जुनी बंधनं मुद्दाम घालून घेतली: ३२० गुणिले २०० चा पडदा, २५६ रंग, १६ गुणिले १६ ची टाइल. ‘अल्टिमा ६’ मध्ये नकाशाची खिडकी ११ गुणिले ११ चौकोनांची होती, आम्हीही तेवढीच ठेवली. म्हणजे खेळाडूला एका वेळी १२१ चौकोन दिसतात. त्यात झाडं, दगड, पाणी, माणसं धरली तरी निम्म्याहून जास्त चौकोन नुसत्या जमिनीचे असतात. आमचा नकाशा २५६ गुणिले २५६ चा, म्हणजे ६५,५३६ चौकोन. डायनोसॉर त्यात अधूनमधून भेटणार, जमीन मात्र पावलोपावली. अशा खेळाचा चेहरा त्याच्या जमिनीनेच ठरतो, आणि तरीही ती टाइल सगळ्यात आधी आणि सगळ्यात कमी विचार करून काढली जाते. आपसूक हिरवी. इओडनही हिरवंगारच आहे.

आमच्या चित्रकर्तीने हिरव्याच्या चार छटा काढल्या होत्या, सलग दिसू नये म्हणून आलटून पालटून टाकायला. पहिला नकाशा सरांच्या टीव्हीवर लावला. आयसिसॉरसचा कळप गवतात चरत होता. देखणं दिसत होतं, यात वाद नाही.

सर म्हणाले, “हे हिरवं कायले टाकलं एवढं?”

“गवत आहे सर.”

“ते दिसून राहिलं. डायनोसॉरच्या काळात गवत कुठून आणलं तुम्ही?”

सरांनी तीस-पस्तीस वर्षं वर्गात जे शिकवलं होतं तेच ते सांगत होते: फुलझाडं क्रिटेशियसमध्ये, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडात आली, पण गवत मागाहून, डायनोसॉर गेल्यावर. बरीच वर्षं सगळीकडे असंच मानलं जायचं. गवताचे निःशंक जीवाश्म सापडायचे ते साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे. म्हणूनच डायनोसॉरच्या चित्रांत चांगले चित्रकार पायाखाली नेचे काढायचे, गवत काढणारा कच्चा समजला जायचा. सरांचं म्हणणं धरलं तर नकाशावरचे चाळीसेक हजार चौकोन पुसायचे.

भंडाऱ्याचा पोरगा तोवर गप्प होता. तो म्हणाला, “सर, गवत होतं. आणि ते सापडलं तेही आपल्याच पिसदुऱ्याला. शेणात.”

इथे जरा थांबून ही शेणाची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा खेळ तिच्यावर उभा आहे.

पिसदुऱ्याच्या लाल मातीत दगड झालेलं शेण सापडतं. शास्त्रात त्याला कोप्रोलाइट म्हणतात. मॅटले या भूशास्त्रज्ञाने १९३९ साली त्यावर लिहून त्याचे आकारावरून प्रकार पाडले. मोठ्या प्रकाराचे गोळे टायटॅनोसॉर गटातल्या लांब मानेच्या डायनोसॉरांचे असावेत असं मानतात, कारण त्यांची हाडं त्याच थरात मिळतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद यांनी कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांच्यासोबत यातले नमुने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि २००५ साली ‘सायन्स’ मध्ये निबंध छापला.

त्यांनी शोधलं ते फायटोलिथ. वनस्पती मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिकाही ओढतात. ती पेशींमध्ये साचते आणि पेशीच्या आकाराचा काचेसारखा कण तयार होतो. झाड कुजतं, खाल्लं जातं, पचतं. हा कण पचत नाही. गवताच्या पात्यावर हात उलटा फिरवला की कापतं, ते या सिलिकामुळेच. आणि गवताच्या काही पेशींमधले कण इतके वेगळ्या आकाराचे असतात, कुणी डंबेलसारखे तर कुणी खोगिरासारखे, की गवताचं कुळ त्यावरून ओळखता येतं. पिसदुऱ्याच्या शेणात निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. बरोबर ताडवर्गी झाडं, सूचिपर्णी झाडं आणि इतर फुलझाडंही होती. म्हणजे गवताची वंशावळ तेव्हाच बरीच फांदली होती, आणि आपल्या वरोऱ्याकडचा एक अवाढव्य प्राणी ते खातही होता.

सरांनी निबंध मागवून घेतला, बैठकीतच चष्मा चढवून वाचला आणि म्हणाले, “बरं आहे. ठेवा गवत.” एवढी वर्षं शिकवलेली गोष्ट माणूस इतक्या सहज खाली ठेवतो हे आम्हाला तरी नवीन होतं. चित्रकर्तीने पोह्यांवर तर्री ओतून घेतली. प्रकरण मिटलं असं वाटलं.

पण निबंध शेवटपर्यंत वाचला तो त्याच पोराने. पुढच्या बैठकीत त्यानेच पुन्हा तोंड उघडलं. त्या शेणात गवत होतं हे खरं, पण थोडं. बाकीचंच जास्त. एवढ्यावरून हा प्राणी गवतावर जगत होता असं म्हणता येत नाही. मिळेल ते खाता खाता गवतही पोटात गेलं. आणि गवत असणं वेगळं, गवताळ मैदान असणं वेगळं. क्षितिजापर्यंत गवत पसरलेली माळरानं पृथ्वीवर आली ती कित्येक कोटी वर्षांनी. आपल्या नकाशात तर गवताचा गालिचा अंथरलाय.

थोडक्यात, सरांचा आक्षेप कारणाने चुकला होता आणि निकालाने बरोबर निघाला.

आता पर्याय काय ते पाहू. हिरवी टाइल तशीच ठेवून तिला नेचे म्हणायचं, हा सगळ्यात स्वस्त. नाव बदललं की काम झालं, खेळाडूला सोळा पिक्सेलमध्ये काय कळणार? मी या बाजूचा होतो, कारण नकाशा माझ्याकडे होता. चित्रकर्ती म्हणाली, मला कळणार, आणि विषय संपला. दुसरा पर्याय पालापाचोळ्याचा, तपकिरी. पण घनदाट जंगलाच्या तळाशी पाचोळा साचतो, आणि लमेटाचं चित्र तसं नाही. तिथल्या गाळाच्या थरांत चुन्याच्या गाठी असलेल्या जुन्या जमिनी आहेत, म्हणजे मधूनमधून कोरडा पडणारा, ऋतूंचा प्रदेश. नद्या, उथळ तळी, पूर, आणि मग पुन्हा भेगाळलेली माती. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिना काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा पर्याय तोच: माती. लालसर, मधे चुन्याचे पांढुरके खडे, अधूनमधून भेग. गवत फक्त पाण्याच्या काठाला, ठिगळाठिगळाने. आम्ही हाच घेतला.

लाल माती पडद्यावर आली आणि नवीन दुखणं सुरू झालं. आमच्या टोळीतल्या माणसांची कातडी तांबूस तपकिरी, प्राणीही बरेचसे त्याच रंगाचे. हिरव्यावर ते उठून दिसायचे, लालवर विरघळून गेले. पाच चौकोनांवर उभा असलेला आयसिसॉरस हलेपर्यंत कळेना. मी म्हटलं, रंगच जमत नाही, परत हिरव्याकडे जाऊ. त्यावर चित्रकर्तीचं उत्तर असं होतं की गेरूने सारवलेल्या अंगणात रांगोळी उठतेच ना. जमीन गडद कर, वरचं फिकं कर. तिने मातीची चमक उतरवली, २५६ मधले सहा रंग फक्त जमिनीसाठी बांधून टाकले, ते दुसऱ्या कुणी वापरायचे नाहीत असा नियम केला, आणि प्रत्येक प्राण्याच्या पाठीवर, उजेड पडतो त्या कडेला, एका पिक्सेलची फिकी पिवळी रेघ दिली. एका पिक्सेलची. तेवढ्याने कळप मातीतून सुटा झाला. रंग मोजून वापरायचे असले की असली शिस्त आपोआप येते. लाखो रंग हाताशी असते तर आम्ही सावल्या, धुरकटपणा आणि काय काय घालत बसलो असतो.

खरा झटका मात्र पोरांनी दिला. सरांच्या शेजारची दोन मुलं, एक सातवीत, एक नववीत, यांना खेळायला बसवलं. धाकट्याने आपल्या माणसाला झोपडीच्या दारातून बाहेरच काढलं नाही. दगडी पायरीवर उभा करून तो वाट बघत बसला.

“काय झालं रे? चल ना पुढे.”

“दादा, इथं पाय ठेवला तर मरते का?”

लाल म्हणजे लाव्हा. त्याने आजवर खेळलेल्या प्रत्येक खेळात लाल जमिनीवर पाय ठेवला की माणूस मरतो, आणि हिरवी जमीन म्हणजे बिनधास्त चाला. थोरल्यानेही तेच केलं, फक्त त्याने आधी सेव्ह केलं. सॅव्हेज एम्पायरच्या काळापासून आजच्या मोबाइलपर्यंत हा रंगांचा करार कुणी मोडलेला नाही. गवताची टाइल ही नुसती वनस्पती नव्हतीच. ती ‘इथून चालता येतं’ अशी पाटी होती, आणि ती आम्ही शास्त्रापायी उपटून टाकली होती.

यात आणखी एक गंमत अशी की आमच्या खेळात खरा लाव्हाही आहे. दुसऱ्या भागात दख्खनचे उद्रेक सुरू होतात. ज्या लाव्हाने पाचेक लाख चौरस किलोमीटर आजही झाकलेत, नागपूर ज्याच्या पूर्वेच्या काठावर बसलंय, सीताबर्डीची टेकडी ज्याची आहे, तो. त्याला टाळून विदर्भाच्या भूतकाळाचा खेळ करायचा म्हणजे ताडोब्यात जाऊन वाघ न बघता यायचं. म्हणजे लाल माती आणि लाल लाव्हा, दोन्ही एकाच नकाशावर, आणि पहिल्यावर चालायचं, दुसऱ्यावर मरायचं.

सर म्हणाले, सुरुवातीला एक सूचना लिहा. सूचना कुणी वाचत नाही. तोडगा पुन्हा जुन्याच खेळांत सापडला. व्हीजीएच्या, म्हणजे २५६ रंगी पडद्याच्या काळात हलतं पाणी दाखवायला दरवेळी नवं चित्र काढणं संगणकाला झेपायचं नाही. मग चित्र तसंच ठेवून रंगांच्या तक्त्यातले क्रमांक फिरवायचे: १ नंबरचा रंग २ वर, २ चा ३ वर, शेवटचा परत पहिल्यावर. चित्रातला एकही पिक्सेल बदलत नाही, पण पाणी वाहताना दिसतं, आग लवलवते. आम्ही लाव्हाला आठ रंगांचा असा फिरता पट्टा दिला, काळपट लालपासून पिवळ्यापर्यंत. मातीचे सहा रंग स्थिर. आता जे हलतं ते भाजतं, जे स्थिर आहे त्यावर चालायचं. शिवाय पहिल्या झोपडीच्या दारासमोर मातीवर पावलांचे ठसे असलेली एक टाइल टाकली आणि बाहेर दोन म्हातारे इकडून तिकडे फिरते ठेवले. खेळातलं कुणी त्या जमिनीवर चालतंय हे दिसलं की पोरं चालतात. धाकटा पुढच्या वेळी सरळ बाहेर पडला आणि नदीपाशी जाऊन मगरीने मेला. ते चालायचंच.

आता शेण. गवताचा गालिचा गेला आणि पाण्याकाठची ठिगळं राहिली, तेव्हा एक गोष्ट आपोआप हाती आली. नकाशावर गवत सर्वत्र असतं तर प्राण्याच्या शेणात गवत निघणं याला काही अर्थच नव्हता. आता ते चारच तळ्यांच्या काठाला आहे. कळप कुठून आला हे त्याच्या शेणावरून सांगता येतं.

सॅव्हेज एम्पायरमधल्या बंदुकीच्या दारूची उणीव आम्हाला भासत होती. आपल्या खेळात तसं हाताने करायचं, डोक्याने जुळवायचं काय, हे सुचत नव्हतं. ते इथे मिळालं. खेळाडू माळावर शेण उचलू शकतो. ताजं असेल तर ओलसर गडद टाइल, जुनं असेल तर फिकी. ते फोडायला काठी लागते, धुवायला मडकं आणि पाणी. धुतल्यावर पडद्यावर काही शब्द येत नाहीत, मडक्यात फक्त तंतू दिसतात: रुंद पट्टे म्हणजे ताड, सुया म्हणजे सूचिपर्णी, बारीक हिरव्या काड्या म्हणजे गवत. वस्तीत एक गुराखी म्हातारी आहे, तिला मडकं दाखवलं तर ती कळपाबद्दल दोन वाक्यं बोलते आणि बाकीचं तुमच्यावर सोडते. गवत आणि सुया एकत्र दिसल्या तर तळं उत्तरेचं, कारण सुयांची झाडं तिकडेच आहेत. गवत आणि ताड, तर दक्षिणेचं. कळप गाठायचा कशाला, तर कळपामागे पाणी आहे, आणि टोळ्यांचं भांडण पाण्यावरूनच आहे.

पात्रांशी बोलण्याची पद्धत जुन्या खेळात शब्द टाइप करायची होती. मराठीत ती आम्ही सोडून दिली. ‘गवत’ आणि ‘गवतात’ संगणकाला जुळवता येतं, ‘तळं’ आणि ‘तळ्यात’ म्हटलं की तो हात टेकतो. सगळी सामान्यरूपं पुरवत बसण्यापेक्षा संभाषणातले महत्त्वाचे शब्द ठळक केले आणि क्लिकवर ठेवले.

प्राण्यांच्या बाबतीत सरांची अट जवळपास पाळली. राजासॉरस हा मांसाहारी डायनोसॉर घेतला, तो गुजरातेतल्या राहिओलीचा, २००३ साली नाव मिळालेला. पण थर लमेटाचेच आणि काळ तोच, म्हणून सरांनी हो म्हटलं. डायनोसॉरच्या घरट्यात सापडलेला साडेतीन मीटरचा सनाजेह साप हाही गुजरातचाच. तो मोहबेंना मिळाला आणि २०१० साली त्याचं वर्णन छापून आलं, या नागपूरच्या धाग्यावर तो आत शिरला. टायरॅनोसॉरस नाही. रमण विज्ञान केंद्राच्या आवारातल्या प्रागैतिहासिक प्राण्यांमध्ये वाढलेल्या पोरांना तो हवाच असतो, पण तो इथला नव्हे. माणसं कशी आली याला आम्ही चंद्रशिळेच्याच जातीचं उत्तर ठेवलं आहे, आणि त्यावर कुणी फार विचार करू नये अशी अपेक्षा आहे.

एक सूचना, खेळाबाहेरची. हे वाचून पिसदुऱ्याला जावंसं वाटलं तर जा, पण शेतातून काही उचलून आणू नका. कुठल्या थरातून निघालं हे माहीत नसलेला नमुना अभ्यासाला निरुपयोगी होतो, घरच्या कपाटातला दगड होतो. आम्ही गेलो तेव्हा फक्त मातीचे फोटो काढले, सकाळचे आणि दुपारचे. टाइलचे सहा रंग त्या फोटोंवरून घेतले आहेत.

सध्या नकाशात एकच गोष्ट वादात आहे. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०११ साली आणखी एक निबंध छापला: दख्खनच्याच त्या काळातल्या फायटोलिथांमध्ये भाताच्या कुळाशी जवळीक असलेली गवतं होती. भंडाऱ्याच्या पोराला हे समजल्यापासून त्याला खेळात धान हवं आहे. धानाच्या पट्ट्यातला माणूस, त्याचा जीव तुटतो. त्याचं म्हणणं, तळ्याकाठच्या गवताची एक टाइल लोंबीची करा, खेळाडूला ती कापू द्या, मडक्यात शिजवू द्या, तेवढीच भूक भागेल. सर म्हणतात, कुळातलं गवत म्हणजे धान नव्हे. धान माणसाने हजारो पिढ्या निवडून केलं, आणि आपली टोळी तर काल-परवा शिळेतून पडली आहे. त्यावर पोराचं उत्तर, रानातला देवभात कापून खाणारे लोक आजही आहेत, त्यांना कुठे पेरावं लागतं? हा मुद्दा सरांना लगेच खोडता आला नाही.

तूर्त तडजोड अशी आहे की लोंबीची टाइल काढली आहे, पाण्याकाठच्या अकरा चौकोनांवर ती बसवली आहे, तिच्यावर ‘कापा’ ही क्रिया चालते आणि ‘शिजवा’ चालत नाही. कापलेली पेंढी पिशवीत पडून राहते, वजन खाते. पोराने याला लेखी हरकत घेतली आहे, आणि चित्रकर्तीने गुपचूप वाफाळत्या मडक्याचं चित्र काढून ठेवलं आहे.